गिटारचा आचार्य फर्नांडो सोर

ह्या वर्षी नाताळच्या गायनप्रसंगी आमच्या शाळेतील काही विद्यार्थ्यांनी गिटारच्या साथीवर गीते गाइली, हे पालकांस स्मरत असेलच. गायन गोड झाले. परंतु शेवटचे गीत संपून प्रार्थनेसाठी सर्वांनी मस्तके लवविली, तरी एका गिटारची खर्जाची तार गुणगुणतच राहिली. वादकाने हात जोडले होते, डोळे मिटले होते, आणि तार मात्र आपले बोलणे चालूच ठेवून होती. कार्यक्रमानंतर तो मुलगा थोडा ओशाळून आम्हांकडे आला व तार वाजवावी कशी हे सांगणारे पुष्कळ भेटले, पण ती थांबवावी कशी हे कोणीच सांगितले नाही, अशी तक्रार त्याने केली. तक्रार खरी होती. तिचे उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या पुरुषाच्या चरित्रापर्यंत येऊन पोहोचलो, त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. तो पुरुष म्हणजे स्पेन देशातील थोर वादक व रचनाकार फर्नांडो सोर होय.

प्रथम त्या वाद्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गिटारला सहा तारा असतात. उजव्या हाताच्या अंगठ्याने खर्जाच्या तारा आणि तर्जनी, मध्यमा व अनामिका ह्या बोटांनी वरच्या स्वरांच्या तारा छेडावयाच्या, व डाव्या हाताच्या बोटांनी दांडीवरील पडद्यांपाशी त्या दाबावयाच्या, अशी बोटांनी वाजविण्याची सामान्य रीत आहे. तार छेडण्यास क्षणही पुरतो. पण छेडल्यावर ती कित्येक क्षण घुमत राहते. आमच्या तंबोऱ्याचे भूषण हेच की त्याचा षड्ज अखंड घुमत राहावा, कारण गवई कितीही दूर हिंडून आला तरी शेवटी त्याच षड्जाच्या घरी परत येतो. पाश्चात्त्य संगीतात तसे नाही. तेथे एका वेळी अनेक स्वर एकत्र निघतात आणि त्यांच्या खालचा आधारस्वर पावलोपावली बदलत जातो. मागच्या पावलाचा खर्ज पुढच्या पावलातही घुमत राहिला, तर तो नव्या स्वरांशी भांडू लागतो आणि सगळा गलका होतो.

आता दाबलेल्या तारेचा आवाज थांबविणे सोपे आहे. बोट किंचित सैल केले की झाले. पण जी तार मोकळीच छेडली, तिच्यावर सैल करावयास बोटच नसते. तेथे अंगठा परत आणून तारेवर टेकवावा लागतो, किंवा डाव्या हातातील एखाद्या बोटाने शेजारची तार जाता जाता शिवावी लागते. इतकेच करून भागत नाही. सतारीच्या तरफा जशा न छेडता झणकारतात, तशी गिटारची मोकळी तारही तिच्याशी जुळणारा स्वर दुसरीकडे निघाला म्हणजे आपोआप थरथरू लागते. सारांश, गिटार वाजविणाऱ्याचे निम्मे काम नाद उत्पन्न करण्याचे व निम्मे तो आवरण्याचे असते. हे दुसरे काम ऐकणाराच्या ध्यानात येत नाही, आणि म्हणूनच शिकणारा त्याची हयगय करितो. सोरने ती केली नाही.

फर्नांडो सोर हा स्पेनच्या ईशान्येस असलेल्या कातालोनिया प्रांतातील बार्सिलोना शहरी जन्मला. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद १४ फेब्रुवारी १७७८ ह्या दिवसाची आहे. घराण्यात लष्करी व सरकारी नोकरीची परंपरा होती, आणि मुलानेही त्याच वाटेने जावे अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. पण खुद्द बापालाच संगीताची आवड होती. त्यानेच मुलाला इटालियन संगीतनाटकांची गोडी लावली आणि गिटारही त्याच्या हाती दिली. संगीतापायी मुलगा लॅटिनचा अभ्यास सोडील, ही मात्र आईबापांस धास्ती होती. तेव्हा त्या चतुर मुलाने लॅटिनच्या पाठांतील शब्दांनाच चाली लावण्यास आरंभ केला. स्वरलेखन त्याला कोणी शिकविले नव्हते, म्हणून स्वर लिहून ठेवण्याची एक खूणपद्धतीही त्याने आपल्या आपणच बसविली. अभ्यासाचे निमित्त करून खेळणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. खेळातून अभ्यास साधणारा असा एखादाच.

पुढे बापाचे छत्र हरपले. शिक्षणाचा खर्च करणे आईला अवघड झाले. बार्सिलोनापासून काही अंतरावर माँटसेरात नावाचा करवतीच्या दात्यांसारख्या सुळक्यांचा डोंगर आहे, आणि त्याच्या कड्यावर बेनेडिक्टिन पंथाच्या संन्याशांचा पुरातन मठ आहे. उपासनेत गाणाऱ्या मुलांची शाळा तेथे कित्येक शतकांपासून चालत आली असून आजही ती चालू आहे. मठाधिपतीच्या कानी ह्या होतकरू मुलाची हकीकत गेली व त्याने त्यास तेथे ठेवून घेतले. त्या वेळी सोर अकरा-बारा वर्षांचा होता. आन्सेल्म व्हिओला नावाचा विद्वान संन्यासी तेथे संगीत शिकवीत असे. त्याच्या हाताखाली सोर गायन, स्वरमेळाचे शास्त्र आणि अनेक आवाजांची गुंफण शिकला.

ह्या शाळेचे सोरवरील ऋण फार मोठे आहे, असे आम्हांस वाटते. उपासनागीतांत तीन-चार निरनिराळे आवाज आपापल्या चालीने एकाच वेळी चालतात. प्रत्येकाने आपली पाळी येताच गावयाचे असते, आणि पाळी नसेल तेथे मोजून तितकेच गप्प राहावयाचे असते. जो गायक दुसऱ्याच्या पाळीत आपला आवाज लांबवितो, तो कितीही गोड गळ्याचा असला तरी सर्व मेळाचा नाश करितो. हा धडा लहानपणी ज्याच्या अंगी मुरला, त्याला पुढे गिटारच्या सहा तारांत सहा गाणारी मुले दिसावीत यात नवल ते काय! सोर वृद्धापकाळापर्यंत त्या मठाची आठवण मोठ्या प्रेमाने काढीत असे.

मठ सोडल्यावर कुळाच्या रीतीप्रमाणे तो बार्सिलोना येथील लष्करी विद्यालयात दाखल झाला. तेथेही त्याचे संगीत सुटले नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १७९७ साली, ग्रीक कथेतील टेलेमाकस ह्या राजपुत्राविषयी त्याने रचिलेले संगीतनाटक बार्सिलोनाच्या रंगभूमीवर आले आणि लोकांस ते आवडले. पुढे तो माद्रिदला गेला. तेथे आल्बाच्या सरदारणीचा आश्रय त्यास लाभला, व तिच्या मृत्यूनंतर दुसऱ्या एका सरदाराने त्याला आपल्या जमिनीच्या कारभारात नोकरी दिली. गिटार हे त्या काळी स्पेनमध्ये बहुधा गाण्याला ठेका देण्याचे वाद्य मानले जात असे. तारांवरून हात फिरवावा आणि गाणाऱ्याला आधार द्यावा, एवढीच त्याची मातबरी. फेदेरिको मोरेत्ती नावाच्या एका इटालियन वंशाच्या लष्करी अधिकाऱ्याने गिटारवर चाल व तिची साथ वेगवेगळी दिसेल अशा रीतीचे लेखन आरंभिले होते. ते पाहून सोरला आपली वाट सापडली, आणि मोरेत्तीचे हे ऋण त्याने पुढे मोकळ्या मनाने मान्य केले.

येथवर सोरच्या आयुष्याचा प्रवाह शांत होता. १८०८ साली तो खवळला. नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्या आणि त्याचा भाऊ जोसेफ स्पेनच्या गादीवर बसविला गेला. माद्रिदच्या लोकांनी बंड केले व देशभर युद्ध पेटले. आरंभी सोरने देशाभिमानाची गीते रचिली आणि ती लोकांच्या तोंडी झाली. परंतु पुढे फ्रेंच सत्ता टिकणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा त्याने तिच्या कारभारात जागा पत्करली, आणि दक्षिणेकडील हेरेस शहरी तो पोलिसखात्याचा अधिकारी झाला. असे करणारा तो एकटाच नव्हता. देशाची जुनी, जीर्ण राज्यव्यवस्था फ्रेंचांच्या हातून सुधारेल अशी आशा कित्येक सुशिक्षित स्पॅनिश लोकांनी मनात बाळगली होती. सोरचा हेतू काय होता याचा निवाडा करण्यास आम्ही बसलो नाही. पण त्या कृत्याचे फळ त्याच्या पदरात काय पडले हे सांगितलेच पाहिजे. १८११ साली फ्रेंच फौजेने माँटसेरातचा मठ लुटला व जाळला. ज्या छपराखाली पोरक्या सोरला विद्या मिळाली, ते छप्पर, ज्यांची चाकरी त्याने पत्करली त्यांच्याच सैनिकांनी भस्म केले.

१८१३ साली फ्रेंचांचा पराभव होऊन ते स्पेनमधून मागे हटले, आणि त्यांच्याबरोबर सोरलाही देश सोडावा लागला. वय वर्षे पस्तीस. पुढील वर्षी स्पेनचा राजा फर्डिनांड परत गादीवर आला आणि फ्रेंचांस साहाय्य करणारांस त्याने देशाचे दार बंद केले. सोर त्यानंतर सव्वीस वर्षे जगला. पण मायभूमीचे दर्शन त्याला पुन्हा कधीही घडले नाही.

पॅरिसमध्ये थोडा काळ काढून १८१५ साली तो लंडनला गेला. परक्या देशात, परकी भाषा, आणि पोटाला आधार म्हणजे गळा व सहा तारा. तो गायन शिकवी, गिटार शिकवी, इटालियन गीतांना चाली लावून प्रसिद्ध करी. त्याच्या चालींना इंग्रज रसिकांत चांगला मान मिळाला. १८१७ साली लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या जलशात त्याने व्हायोलिनच्या जातीच्या तीन वाद्यांसह स्वतःची रचना गिटारवर वाजवून दाखविली. मोठमोठ्या वाद्यवृंदांची सवय असलेल्या त्या सभेत ह्या नाजूक वाद्याला प्रवेश मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. मोझार्टच्या 'जादूची बासरी' ह्या संगीतनाटकात मंजुळ घंटिकांच्या नादावर रचिलेली एक चाल आहे. ती घेऊन सोरने गिटारसाठी केलेला विस्तार १८२१ साली लंडनमध्ये छापला गेला, आणि तो आजही जगभर वाजविला जातो.

ह्याच सुमारास त्याने नृत्यनाट्यांसाठी संगीत लिहिण्यास आरंभ केला. राखेत बसणाऱ्या अनाथ सिंड्रेलाची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्या कथेवरील त्याचे नृत्यनाट्य १८२२ साली लंडनमध्ये झाले; दुसऱ्या वर्षी ते पॅरिसला गेले व तेथे त्याचे शंभरांवर प्रयोग झाले. मग सोर रशियात गेला. मॉस्को येथील बोल्शॉय नाट्यगृहाची नवी भव्य इमारत १८२५ च्या जानेवारीत उघडली, तेव्हाही हेच नृत्यनाट्य तेथे दाखविण्यात आले. बर्फाच्या देशात त्याने काही वर्षे काढली आणि १८२७ च्या सुमारास तो पॅरिसला कायमचा राहावयास आला.

आता त्याच्या आयुष्यातील ज्या कार्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहो, तिकडे वळू. १८३० साली पॅरिसमध्ये त्याचा गिटारवादनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि दोनच वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये निघाले. त्या काळी वाद्यांची शिक्षणपुस्तके पुष्कळ निघत. बहुतेकांत हे असे करा, ते तसे करू नका, एवढेच असे. सोरचा ग्रंथ निराळा आहे. तो प्रत्येक गोष्टीचे कारण देतो. बाक कसे, हात कोठे, बोट तारेशी कोणत्या कोनात यावे, हे तो तारेच्या कंपनाचा व हाताच्या रचनेचा विचार करून ठरवितो. शिक्षकाने सांगितले म्हणून नव्हे, बुद्धीला पटले म्हणून शिष्याने ते स्वीकारावे, असा त्याचा आग्रह दिसतो. हायडनच्या 'सृष्टी' ह्या प्रसिद्ध धार्मिक संगीतकृतीतील भाग गिटारवर कसा उतरवावा, हेही त्याने त्यात उलगडून दाखविले आहे.

ह्या ग्रंथात नादाच्या निरनिराळ्या रंगांविषयी एक भाग आहे. शिंग, तुतारी, ओबो, वीणेसारखे हार्प, ह्यांची छाया गिटारवर कशी पाडावी, हे तो तेथे सांगतो. कोठे घोडीजवळ छेडावे, कोठे दूर छेडावे, याचे बारीक विवेचन करितो. त्याच ठिकाणी दबलेल्या नादाचा विषय येतो. कित्येक वादक असा नाद काढण्यासाठी उजव्या हाताचा आधार घेतात. तळव्याची कड घोडीपाशी तारांवर हलकेच टेकवितात आणि छेडतात, म्हणजे आवाज रुमालात गुंडाळल्यासारखा निघतो. ही रीत आजही सर्वत्र चालते. सोर मात्र ह्या कामी उजवा हात लावीत नसे. तो हे काम डाव्या हाताकडे सोपवितो. नेहमी बोट दोन पडद्यांच्या मधल्या जागेत दाबतात. ह्या नादासाठी त्याने ते नेमके पडद्यावरच ठेवावयास सांगितले आहे, आणि दाबही नेहमीहून कमी द्यावयाचा. बोटाचे मांस पडद्यावर आले म्हणजे तेच तारेचे कंपन शोषून घेते. पण दाब फारच कमी झाला, तर दबलेल्या नादाऐवजी तार नुसती शिवल्याने निघणारा घंटिकेसारखा बारीक स्वर निघतो. म्हणजे थोडे अधिक दाबले तर नाद उघडा पडतो, थोडे कमी दाबले तर तो निराळाच होतो. ह्या दोहोंच्या मध्ये केसाएवढी वाट आहे, आणि बोटाला ती डोळ्यांवाचून सापडली पाहिजे. वाचकहो, गप्प बसविण्यासही किती शिक्षण लागते, हे यावरून दिसून येईल!

सोर तारा बोटांच्या मांसल टोकांनी छेडीत असे. नखांनी निघणारा कडक आवाज त्यास रुचत नसे. दिओनिसिओ आग्वादो हा त्याचाच देशबंधू, तितकाच नामांकित वादक, नखांनी वाजवी. सोरला प्रत्येक तार आवरावयाची चिंता, तर आग्वादोला नाद अधिक मोकळा कसा होईल याचा ध्यास. गिटार अंगाशी धरल्याने तिचे लाकूड दबते व आवाज कमी होतो, म्हणून आग्वादोने तिला धरून ठेवणारी एक तिवई तयार केली. मते इतकी भिन्न असल्यावर दोघांत वैर असावयाचे, असे कोणासही वाटेल. झाले ते उलट. दोघे पॅरिसमध्ये एकाच इमारतीत राहत. दोघांनी मिळून वाजवावी म्हणून सोरने 'दोन मित्र' नावाची रचना केली आणि तिच्या एका भागावर स्वतःचे व दुसऱ्यावर आग्वादोचे नाव घातले. मित्राच्या तिवईची त्याने प्रशंसा केली. नखांनी वाजविणे आपणास पसंत नाही, हेही सांगावयास तो कचरला नाही. मतभेद ठेवूनही मैत्री राखता येते, हे ह्या दोन परदेशस्थ माणसांनी दाखवून दिले.

ह्या वर्षांत सोरला लौकिक होता, पण सुबत्ता नव्हती. त्याच्या रचनांत प्रत्येक आवाज ज्याच्या त्याच्या मापाने धरावा व सोडावा लागे, म्हणून हौशी वादकांस त्या अवघड वाटत. प्रकाशकांस सोपे, चटकदार असे काही हवे असे. सोर सोपे लिहू लागला, पण त्याच्या मनातील खंत त्याने पुस्तकांच्या नावांतच नमूद करून ठेविली. एकाचे नाव 'माझे वैताग', तर दुसऱ्याचे नाव हेच का तुम्हांस हवे ते पाहू या, अशा अर्थाचे. विनोद खरा, पण त्याखाली दुःख आहे. तरी सोपे म्हणून त्याने हलके काही लिहिले नाही. नवशिक्यांसाठी त्याने रचिलेले पाठ एकेका स्वरापासून आरंभ होतात आणि हळूहळू दोन, मग तीन आवाजांपर्यंत जातात. त्यांतील साधा पाठही नीट वाजवावयाचा, तर कोणती तार केव्हा थांबली पाहिजे याचा विचार करावाच लागतो.

अखेरची वर्षे फार कष्टाची गेली. त्याची कॅरोलिन नावाची एकुलती लाडकी मुलगी होती. ती स्वतः हार्प वाजवीत असे. १८३७ साली तरुणपणीच ती मरण पावली. देश गेला होता, बालपणीचा मठ जळाला होता, आता घरातील वाद्यही मुके झाले. सोरने तिच्या अंत्यविधीसाठी उपासनासंगीत रचिले. ज्या उपासनागीतांच्या मांडीवर तो वाढला होता, त्यांच्याचकडे तो दुःखाच्या वेळी परत गेला, हे आम्हांस फार हृदयस्पर्शी वाटते. पुढे त्याला जिभेचा व घशाचा दुर्धर रोग जडला. आयुष्यभर गाऊन व शिकवून ज्याने पोट भरले, त्याला बोलणेही कठीण झाले. १० जुलै १८३९ रोजी पॅरिसमध्ये त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याचे वय एकसष्ट वर्षांचे होते. माँमार्त्रच्या दफनभूमीत त्यास मूठमाती देण्यात आली. पण ती जागा लोक विसरून गेले, आणि त्याची कबर ओळखण्यात आली ती १९३४ साली, म्हणजे सुमारे पंचाण्णव वर्षांनंतर.

कबर हरवली तरी काम हरवले नाही. नेपोलियन कोस्त ह्या फ्रेंच वादकाने त्याचा शिक्षणग्रंथ सुधारून पुन्हा प्रसिद्ध केला. स्पेनचाच विश्वविख्यात वादक आंद्रेस सेगोव्हिया याने सोरचे निवडक वीस पाठ १९४५ साली एकत्र छापविले, आणि तेव्हापासून जगातील गिटार शिकणाऱ्या मुलांच्या बोटांखालून ते जात आहेत. त्याच्या क्रमांक घातलेल्या रचना त्रेसष्ट आहेत. नृत्यनाट्यांचा बोलबाला त्याच्या काळी केवढा! आज ती कोणास फारशी ठाऊक नाहीत. मुलांसाठी लिहिलेले लहान लहान पाठ मात्र जिवंत आहेत. शिक्षकाचे काम कोठे फळास येईल हे सांगता येत नाही, एवढे खरे.

सोरच्या चरित्राकडे पाहिले असता एक गोष्ट आमच्या मनात राहून राहून येते. आपल्या तारांवर त्याची पूर्ण सत्ता होती. कोणता स्वर केव्हा थांबवावा हे त्यास बिनचूक कळे. आयुष्यातील एका निर्णयाचा घोष मात्र त्याला थांबविता आला नाही. हेरेसच्या कचेरीत बसून केलेली चाकरी थोड्या वर्षांची होती. तिचा नाद सव्वीस वर्षे त्याच्या मागे घुमत राहिला आणि मायदेशाचे दार त्याला बंदच राहिले. तार छेडण्यापूर्वीच हाताने विचार केला पाहिजे, कारण काही तारा अशा असतात की त्या एकदा वाजल्यावर कोणताही हात त्यांना शांत करू शकत नाही. जिभेचेही तसेच आहे. तरीही सोर कडवटपणाने मोडून गेला नाही. मिळालेल्या परक्या भूमीवर त्याने दुसऱ्यांच्या मुलांना शिकविले, मित्राचा गौरव केला, आणि आपल्या दुःखाचेही उपासनागीत केले. ह्यात त्याचा मोठेपणा आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या तक्रारीस उत्तर देऊन हा लेख संपवू. मुला, सोरच्या नवशिक्यांसाठी असलेल्या पाठांपैकी एक घे. तो अगदी सावकाश वाजव. जेथे खर्जाचा स्वर बदलतो, तेथे नवा स्वर छेडण्याबरोबर अंगठा, किंवा मोकळे असेल ते बोट, मागच्या तारेवर हलकेच टेकव. आरंभी हात अडखळेल, आणि टेकविताना तार खरखरेल. त्याने नाउमेद होऊ नको. कागदावर जेथे विश्रामाची खूण आहे, तेथे स्वराइतकेच लक्ष दे. लिहिणाऱ्याने ती रिकामी जागा विचार करूनच ठेविली आहे. शेवटचा स्वर झाला म्हणजे त्याला त्याचे पुरते आयुष्य दे, मग सगळा तळवा सहाही तारांवर अलगद ठेव, आणि त्या शांततेत क्षणभर ऐकत राहा. पुढच्या नाताळात प्रार्थनेसाठी मस्तके लवतील तेव्हा तुझी गिटारही आमच्याबरोबर गप्प राहील, असा आमचा पूर्ण भरवसा आहे.